सहा ठिपके, पाच व्हॉल्व्ह

प्रिय अण्णा,

तू गेल्यापासून तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. आज लिहितेय, कारण कालपासून मला शिसारी आली आहे. तोंडात घास फिरतो. अव्वाला हे सांगता येत नाही, आईच ती. मग सांगू कुणाला? ज्याच्यामुळे आली त्यालाच सांगते.

तुझा अँप्लिफायर विकायला काढला होता. रागावू नकोस. चार महिने तो मधल्या खोलीत तसाच होता, वर तुझी बेस गिटार आडवी ठेवलेली. अव्वा त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायची. परवा म्हणाली, "होगली बिडु, जाऊ दे त्येला, नागू. वाजवणाराच न्हाय, त्यो डबा कशाला ठिवायचा?" तिचं चूक नव्हतं.

गिऱ्हाईक कोण यावं? तुझा जयवंत मास्तर! तुमच्या ऑर्केस्ट्राचा मालक, तुझा जिवलग. तुझे डोळे पिवळेजर्द झाले होते, अंगात ताप होता, तरी करकंबच्या कार्यक्रमाला तुला अंथरुणातून उठवून नेलं ते यानंच. तू नुसता अँप्लिफायर पाठवला असतास तर? पण तो दुसऱ्याच्या हाती देशील तो तू कसला! आतले काचेचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे पेटून तापायच्या आत कुणी तार छेडली की तू खेकसायचास, "चहा पिऊन होऊ दे, मग हात लाव." त्या डब्याला एवढं जपलंस आणि स्वतःला नाही. मी तरी का अडवलं नाही तुला? टांग्यात तो डबा चढवायला मीच हात लावला होता.

तर काल मास्तर आला. बेलबॉटम, अत्तराचा वास, हातात हार. तुझ्या फोटोला हार घातला, रुमाल डोळ्यांना लावला, हुंदका दिला. मला भरून आलं. चहा टाकायला म्हणून मी आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यानं अँप्लिफायरची मागची जाळी काढून ठेवली होती, बटण चालू होतं आणि गिटार जोडलेली होती. त्यानं तार छेडली तर नुसतं घूंऽऽ! सुराचा पत्ता नाही.

"मेला की ह्यो, ताई," मास्तर म्हणाला. "आता मोडीतच जायचा. पन अण्णाची आठवण म्हनून घिऊन जातो मी, काय द्यायचं ते दितो."

मी मागून वाकून बघितलं. खंडेनवमीला अव्वा घरातल्या विळी-कात्रीबरोबर तुझ्या अँप्लिफायरचीही पूजा करायची, आठवतं? काचेला बोट लावायचं नाही, असा तुझा दम. मग मी प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी पत्र्यावर कुंकवाचा एकेक ठिपका लावायची. या आश्विनात लावलेले ठिपके अजून तसेच होते. मी मोजले. ठिपके सहा. व्हॉल्व्ह पाच.

"मास्तर, खिसा दाखवा."

आधी हसला. मग खिशातून रुमाल काढून उलगडला. आत व्हॉल्व्ह! अण्णा, ज्या रुमालानं तुझ्यासाठी डोळे पुसले, त्याच रुमालात!

"माझ्या भावाच्या फोटोसमोर? लाज नाही वाटत तुम्हाला?" मी ओरडलेच.

आणि तो काय म्हणाला ऐक. "लाज कसली, ताई? ह्यो डाव तुमच्या अण्णाचाच की! ह्योच डबा घ्यायला रेल्वे लाइन्सला त्या म्हाताऱ्या मॅडमकडं आमी दोघं गेलो हुतो. ती चहा करायला आत गेली, अन् अण्णानं हळूच व्हाल्व काढला. लई हुशार मानूस."

व्हॉल्व्ह काढून घेतला आणि त्याला मी हाकललं. चहाही पिऊ दिला नाही. खोटारडा, मेल्यावरही मित्राला बदनाम करतो, असं पुटपुटत त्याची कपबशी दोनदा घासली. आणि घासता घासता आठवलं.

तू हा डबा टांग्यातून आणलास तो दिवस. आम्ही सगळी भोवती. "बंद पडलाय म्हणून विकला त्यांनी," तू म्हणालास, "आता गंमत बघ." शर्टाच्या खिशातून रुमाल काढलास, उलगडलास, व्हॉल्व्ह बसवलास. थोड्या वेळानं तार छेडलीस आणि मांडणीतली भांडी थरथरली. मी टाळ्या वाजवल्या रे! मेलेला डबा आमच्या अण्णानं जिवंत केला, असं सगळ्या शुक्रवार पेठेत सांगत फिरले.

तूच सांगितलं होतंस, तो त्या बाईंच्या मुलाचा होता म्हणून. मुलगा गेला होता. त्या माउलीला काय वाटलं असेल? मुलगा गेला आणि त्याच्या पाठोपाठ त्याचं वाद्यही मेलं! इतकी वर्षं ती तसंच समजून बसली आहे. आणि तू तिचा चहा पिऊन आलास. प्यायलास ना?

मास्तरची किळस आली, ती एका दिवसात विसरेन. तुझी येते, हे लिहायचं नव्हतं. पण येते. तुला वाटलं नाही का रे, कधी आपल्याही घरी असंच कुणी येईल?

मी ठरवलंय. ती अजून तिथंच राहते, बाजारात भेटते कधी कधी. उद्या टांगा करून तुझा अँप्लिफायर तिच्या व्हरांड्यात नेणार आहे. सहाच्या सहा व्हॉल्व्ह तिच्यासमोर पेटवीन. हा कधीच मेला नव्हता, माझ्या भावानं तुम्हाला फसवलं, असं तुझं नाव घेऊन सांगेन. ठेवायचा की विकायचा, ते तिनं ठरवावं.

मला वाजवता येत नाही. एकच तार छेडेन. पण त्याआधी चहा पिऊन होईपर्यंत तो तापू देईन, हे तुला वचन. चहा मी घरूनच नेणार आहे. तिला आत जाऊ देणार नाही.

तुझीच,
नागू