पाहुण्यांची खुर्ची नालीकाठी

ती. आत्याबाईंना, भंडाऱ्याहून तुमच्या रिताचा ख्रिस्तात सलाम. प्रितमही सलाम सांगतात (ते भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडले आहेत, पण सलाम सांगितला. का पडले आहेत ते पुढे येईलच). तुमचे गुडघे कसे आहेत? लाखनीच्या हायवेवरचे ट्रक अजूनही तुमच्या मांडणीवरची भांडी वाजवतात का? नर्सची नोकरी संपली तरी गल्लीतले लोक ताप दाखवायला तुमच्याकडेच येतात, असं कळलं. बरं वाटलं. आम्ही इकडे तब्येतीनं ठीक आहोत, पण आत्याबाई, गेल्या महिन्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या वस्तीतलं काम तुम्हाला ठाऊक आहे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली माणसं इथं शहराच्या कडेला येऊन राहिली. बापे नदीवर जाळं टाकतात, बाया मासोळ्या विकतात, आणि पोरं बारावी झाली की पानठेल्यापाशी उभी राहतात, ती उभीच. या पोरांमधून पुढारी घडवायचे, असं प्रितमच्या मनानं घेतलं आणि प्रार्थनाघरात शनिवारचा वर्ग सुरू झाला. ज्याला प्रार्थना करायची त्यानं करावी, बाकीच्यांनी तोवर पोहे खावेत, पण उभं राहून बोलायला आणि प्रश्न विचारायला सगळ्यांनी शिकावं, असा नियम. (प्रश्न विचारायला शिकवणं ही आमची चूक झाली की काय, हा विचार मला आता आंघोळ करतानाही सुचतो.) सगळ्यांत हुशार निघाली ती डिंपल, मासेमारी करणाऱ्या धनीरामची पोरगी. वर्गाला वर्ष झालं म्हणून कार्यक्रम ठरला तेव्हा प्रितम मोठ्या मनानं म्हणाले की नेतृत्व करायचं तर कार्यक्रम तिनंच करावा, आम्ही फक्त हार आणतो.

पाहुणे म्हणून आमच्या भागातले नगरसेवक येणार होते. आम्ही हार घेऊन आलो तर प्रार्थनाघर रिकामं! एक खुर्ची नाही, टेबल नाही, माईकही नाही. मला वाटलं, चोरी झाली. मी किंचाळलेच. तेवढ्यात डिंपलच्या वर्गातला मोनू शांतपणे आला आणि म्हणाला, "खुर्च्या नालीवर गेल्या जी."

ही नाली म्हणजे वस्तीच्या मधून जाणारी, टोकापासून टोकापर्यंत उघडी. पावसाळ्यात तिच्यातच पडून गल्लीतल्या सुलोचनाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. झाकणं टाका म्हणून वस्तीनं किती अर्ज केले, दरवेळी "पाहू" एवढंच उत्तर. आणि त्याच नालीच्या काठावर, आत्याबाई, पोरांनी मंडप टाकलेला! फुगे, रांगोळी, मधोमध पाहुण्यांची लाल गादीची खुर्ची, आणि मागून तो वास. प्रितमचा रंग उतरला. ते डिंपलला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, हे काय करून राहिलीस?" तर ती म्हणते, "पास्टरजी, तुम्हीच त सांगितलं ना, अडचण जिथं असंन तिथं पुढाऱ्यानं बसावं म्हणून!" तोवर पाहुण्यांची गाडी आलीच.

पाहुणे नाकाला रुमाल लावून बसले. स्वागताला माझंच नाव पुकारतील असं समजून मी पदर सावरत उठले, तर माईकवर पुकारा झाला सुलोचनाबाईंचा. वॉकर टेकत त्या आल्या, गुलाब दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या. पाहुण्यांबरोबरच्या एका माणसानं खवचटपणे विचारलं की बाई, तुम्ही या चर्चवाल्यांत कशा? त्या म्हणाल्या, "माह्या घरी गणपती, यायच्या घरी येशू. नाली दोघायच्याबी दारापुढून जाते." टाळ्या पडल्या. पाहुणे उत्तर द्यायला किंचित मागे रेलले, आणि खुर्चीचा मागचा पाय जमिनीत गेला. मग दुसरा गेला. मग पाहुणे गेले. गुडघ्यापर्यंत, आत्याबाई! एक चप्पल तर आजतागायत सापडलेली नाही.

मी डोळे मिटून घेतले. आता वर्ग बंद, प्रार्थनाघराला कुलूप, प्रितम तुरुंगात, इथपर्यंत माझा विचार गेला होता. डोळे उघडले तर मोनू आणि पोरांनी नालीत उड्या टाकून पाहुण्यांना वर काढलेलं, आणि डिंपल त्यांच्यापुढे चिखलात बसलेली. येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो पाठ आम्ही शिकवला होता, पण कोणी तो असा खरोखर करील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. नळाला पाणी नव्हतं, म्हणून सुलोचनाबाईंनी घरातला पिण्याच्या पाण्याचा भरलेला पितळी गुंड द्यायला लावला. त्या पाण्यानं पोरगी पाहुण्यांचे पाय धूत होती. धनीराम तर तोंडावर दुपट्टा धरून रडत होता. पाहुण्यांनी रुमालानं पाय पुसले. मग म्हणाले, "ही नाली सुरू कुठून होते, दाखव." आणि एका चपलेनं चालत गेले.

झाकणं आली, आत्याबाई. अर्ध्या गल्लीपर्यंत, सुलोचनाबाईंच्या दारापर्यंत. उरलेल्या अर्ध्यासाठी डिंपलनं त्यांना नाताळाला पुन्हा बोलावलं आहे. येतो, पण उभाच राहीन, असा त्यांचा निरोप आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे मात्र भडकले. पाहुण्यांचा अपमान झाला, वर्ग बंद करा म्हणाले. आणि जन्मात कोणाला उलट न बोललेले प्रितम उभे राहून म्हणाले, "वर्ग बंद होणार नाही. हवं तर माझा उपदेश बंद करा." ही दुसरी गोष्ट सगळ्यांनी तत्काळ, आनंदानं, एकमतानं मान्य केली. म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडले आहेत.

गुडघ्यांना जपा.

तुमची,
रिता

ता. क. लिहायचं होतं ते राहूनच गेलं. डिंपलला लाखनीच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. धनीराम म्हणतो, ओळखीचं घर असेल तरच पाठवीन, नाहीतर लग्न लावून देतो. आमच्या ओळखीचं तिकडे तुमच्याशिवाय कोण आहे? पोरगी गुणाची आहे, ते वर वाचलंच असेल.

ता. क. दुसरं. पत्र टाकायला डिंपलच आली होती. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "एक गोष्ट राहिली जी. तिथली माती कच्ची आहे, हे मले ठाऊक होतं. खुर्ची मीच ठेवली तिथं." मी पत्र तिच्या हातातून परत घेतलं. तर म्हणते, "फक्त जरा हलंन असं वाटलं होतं. मंग लाज वाटली, म्हणून पाय जरा जास्तच घासले." आत्याबाई, आता तरी ठेवाल ना हिला?