बूट घालून घरात

माझ्या भांडखोर, लाडक्या बायकोला,

मी धडधाकट आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. ट्रकही कुरकुर करत नाही. आईचा गुडघा काय म्हणतोय? धाकटीचा हलणारा दात पडला का?

त्या दिवशी मी बोलता बोलता फोन ठेवला म्हणून तू फुगून बसली असशील. काय झालं ते लिहितो.

नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली होती. कागदपत्रं चोख होती, तरी साहेब तपासायचं म्हणून केबिनमध्ये चढला आणि तू शिवलेल्या गोधडीवर चिखलाच्या बुटांसकट आडवा झाला. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, बूट तेवढे काढा. मी इथंच झोपतो, हे माझं घरच आहे."

"घर होय? मग घरवालीला लाव फोन. स्पीकरवर!"

नाही म्हणालो, तर त्याने गाडीची चावी खिशात टाकली. मग लावला.

चारचौघांत तू मला 'अहो' म्हणतेस. पण इथे चौघं कान देऊन उभे आहेत, हे तुला कुठून कळणार? "बोक्या, तू शेजारी नसलास की झोपच लागत नाही रे," म्हणालीस. ते पोट धरून हसले.

गोधडी धुतली. डाग गेला.

काल परतीच्या खेपेला त्याच नाक्यावरून लांबूनच हाक आली, "ए बोक्या, गाडी बाजूला घे!" मी मुकाट्याने घेतली.

घरी आलो की मला 'अहो'च म्हण. दार लावल्यावरसुद्धा.

तुझाच