हवामान गुप्त आहे

९ डिसेंबर १९४१
सगळं धुणं भिजलं! चार चादरी, ह्यांचा गणवेश, बाबांची जाड बंडी. सकाळी विचारलं होतं ह्यांना — पाऊस येईल का हो? माणूस हवामानकेंद्रात नोकरीला, दिवसातून तीनदा वारा मोजतो, पारा वाचतो. आणि उत्तर काय? "सांगता येत नाही."

म्हटलं, कळत नाही, की सांगता येत नाही?

"सांगायला बंदी आहे. कालपासून हवामान हे लष्करी गुपित आहे."

काल आपल्या जपानची अमेरिकेशी लढाई सुरू झाली. म्हणजे माझ्या चादरी वाळल्या असत्या तर अमेरिका जिंकली असती!

१२ डिसेंबर
रेडिओवरचं हवामान बंद. वर्तमानपत्रातलं बंद. कोळीवाड्यात बाबा ह्यांना म्हणाले, "काय जावईबापू, उद्या सूर्य उगवणार का? की तेही गुपित?" सगळे खो खो हसले. हे मान खाली घालून निघून आले.

१८ फेब्रुवारी १९४२
सिंगापूर पडलं! रोज एक नवीन नाव — भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या टोचायला जागा उरली नाही. मुलांना शाळेत रबरी चेंडू वाटले, आम्हाला जास्तीची साखर.

संध्याकाळी कंदिलांची मिरवणूक. आमच्या आळीच्या पुढारी ओरिताबाई सगळ्यात पुढे, आवाज फाटेपर्यंत जयजयकार. देवळापाशी पोचलो आणि असा पाऊस कोसळला! दोनशे कागदी कंदील, दोनशेंचा लगदा. अख्ख्या गावात छत्री एकाच माणसाकडे — आमच्या ह्यांच्याकडे. लष्करी पोलिसांच्या सार्जंटने तिथेच झापलं, "छत्री घेऊन हिंडणं म्हणजे गुपित फोडणंच!" मग हेही भिजत घरी आले. आता शिंकताहेत.

२१ जुलै
ह्यांना दोन दिवस डांबून ठेवलं. का? तर शुक्रवारी वादळी पाऊस झाला आणि त्या दिवशी गावातली एकही होडी समुद्रात गेली नव्हती. सार्जंटचा एकच धोशा — कोळ्यांना कुणी सांगितलं? अरे बाबा, जन्म समुद्रावर गेलेली माणसं ती! पाण्याचा रंग बघून कळतं त्यांना! पण ऐकतो कोण. सोडताना बजावलं, "पुन्हा एकदा असं झालं, तर घर विसर."

गाल सुजलाय. विचारलं तर म्हणे दाढी करताना लागलं. दाढी करताना गाल सुजतो?

२६ ऑगस्ट
बाबांचं डोकं फिरलंय. आभाळ लख्ख, समुद्र तळ्यासारखा, आणि त्यांनी साऱ्या कोळीवाड्याला उद्या किनाऱ्यावर जाळी तुणायला बसायचं फर्मान काढलं! कोळ्यांचे म्होरके ना, कोण बोलणार? स्वतः मात्र उद्या होडी घेऊन जाणार. एकटे. गेंपाचीकाकांनाही बरोबर नेत नाहीत. चाळीस वर्षं एका होडीत बसलेली दोन म्हातारी माणसं — भांडली असतील. म्हटलं, बाबा, हे काय नवीन? "तू चादरी सांभाळ," म्हणाले.

२७ ऑगस्ट
संध्याकाळचे पाच. दुपारपासून वारा. शेजारच्यांचं छप्पर गेलं. समुद्र बांध ओलांडून आत आला. बाबा आले नाहीत.

३० ऑगस्ट
होडीची अर्धी फळी सापडली. बाबा नाहीत.

लोक म्हणतात, गावाचं नशीब — बाकी आठही होड्या वाचल्या. मी काय करू त्या नशिबाचं?

ह्यांना विचारलं. समोर बसवून विचारलं. "तुम्हाला माहीत होतं? दोन दिवस आधी पारा उतरतो, तुम्हीच सांगता. माहीत होतं ना?" मान हलवली. हो म्हणून! "मग माझ्या बापालासुद्धा नाही सांगितलंत?" बोटांची नखं बघत बसले. बाईमाणसाचं धुणं भिजलं, एक वेळ ठीक. पण हा माणूस बंदी पाळत बसला आणि बाबा गेले.

सार्जंट सांत्वनाला आला होता. म्हणाला, "तुमच्या यजमानांबद्दल आता काही शंका उरली नाही." ताट फेकून मारावंसं वाटलं.

१० फेब्रुवारी १९४३
रेडिओ म्हणतो, दक्षिणेतल्या एका बेटावरून आपल्या सैन्याने "दिशा बदलून आगेकूच" केली. आगेकूच घराकडे तोंड करून असते का? सरळ माघार म्हणा की! ह्यांनी नकाशावरची टाचणी काढली. मी बघितलं, ह्यांनी बघितलं. घरात आता एवढंच बोलणं — भात वाढलाय, पाणी तापलंय.

४ ऑक्टोबर
तोफा ओतायला पातेली नेली. देवळाची घंटा नेली. ओरिताबाई विचारतात, "दाराची कडी लोखंडी आहे का हो?"

३ मे १९४४
ह्यांना दक्षिणेच्या बेटांवर पाठवलं. सैन्याला हवामान सांगायला! तिथे सांगायला चालतं.

स्टेशनवर ओरिताबाईंनी हातात झेंडा कोंबला. हलवला. गाडी हलली तेव्हा हे खिडकीतून म्हणाले, "येतो." मी पलीकडच्या डोंगराकडे बघत राहिले.

१९ नोव्हेंबर
एक कार्ड. अर्ध्याहून जास्त काळं फासलेलं. उरलंय ते — "तब्येत ठीक. इथलं" आणि पुढे काळं. हवामान लिहिलं असणार. मूर्ख माणूस.

८ जून १९४५
रोज सकाळी बांबूचे भाले घेऊन कवायत. डोक्यावरून विमानं जातात, आणि आम्ही खाली गवताच्या पेंढ्या भोसकतो. कोळीवाड्यातली सत्तरीची आजी म्हणाली, "ओरिताबाई, ते विमान जरा खाली यायला सांगा, माझा भाला पोचत नाही." हसलो तर सगळ्यांना शिक्षा — मैदानाला पाच फेऱ्या. सकाळपासून पोटात एक रताळं.

१५ ऑगस्ट
दुपारी रेडिओसमोर सगळ्यांना उभं केलं. खुद्द सम्राटांचा आवाज! खरखर इतकी, आणि भाषा अशी दरबारी, की निम्मं कळलं नाही. ओरिताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आणखी नेटाने लढा म्हणताहेत." देवळातले भिक्षू हळूच म्हणाले, "बाई, आपण हरलो."

माझी पातेली, गावाची घंटा, माझा बाप, माझा नवरा — सगळं घेऊन गेले आणि हरले!

२३ ऑगस्ट
रेडिओवर पुन्हा हवामान लागलं. टोकियोत ढगाळ, अधूनमधून पाऊस. साध्या आवाजात, जणू मधे काही घडलंच नाही. बंद केला. मग पुन्हा लावला.

११ नोव्हेंबर
गेंपाचीकाका आले. बसले, उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "लष्करी पोलीस उरले नाहीत, पोरी. आता सांगतो. जावयाने सांगितलं होतं. वादळाच्या आदल्या दिवशी, बंदी मोडून. तुझा बाप म्हणाला, सगळ्या होड्या किनाऱ्यावर राहिल्या तर ह्याला परत नेतील, ह्या खेपेला सोडणार नाहीत. एक तरी होडी गेलेली दिसली पाहिजे. आणि ती सासऱ्याचीच हवी. बेटाच्या आडोशाला थांबणार होता. वारा चार तास आधी आला."

"मग हे मला का नाही बोलले?"

"तुझ्या बापाने आम्हा दोघांकडून शपथ घेतली होती. पोलीस तुलाही विचारतील म्हणून."

दक्षिणेतून सैनिक परत आणणारी जहाजं हाकाता बंदराला लागतात म्हणे. ह्यांचं काही कळलेलं नाही. उद्याच्या पहिल्या गाडीने जाते. उतरले तर काय बोलायचं, ते ठरवलेलं नाही. बोलेन मात्र.