बिनआवाजाची गाडी

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५
दुरुस्ती. काल लिहिलं की बाबांना सगळं सांगून टाकलं. ते खरं नाही. मी फक्त ‘बाबा’ म्हटलं. ते म्हणाले, काऊन, पोट दुखते का तुयं? मी हो म्हटलं. त्यांनी ओवा आणून दिला. तो खावा लागला.

सांगायचं आहे ते असं. मी शाळेत जायच्या आधीपासून राईस मिलचे मालक दुलीचंद सेठ यांची लाल स्पोर्ट्स कार बाबांच्या हातात आहे. ती इतकी बुटकी की गोंदियातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका ओलांडावा लागतो, आणि ते बाबांनाच जमतं. इंजिनाचा आवाज फाटकापलीकडून आला की लोक म्हणतात, सुकराम आला. सेठ आले असं कोणी म्हणत नाही.

आता सेठनी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार घेतली. ऑनलाइन बुकिंग मीच केलं. घरात शाळा शिकलेली मी पहिली, आणि राईस मिलच्या ऑफिसात इंग्रजी वाचणारीही मीच. नवी गाडी सेठचा पुतण्या प्रफुल चालवणार. जुनी नागपूरला जाणार. बाबा मिलच्या गेटवर वॉचमन म्हणून बसणार. सेठ म्हणाले, तू घर की बच्ची है, तू ही बता दे सुकराम को. मी जी म्हटलं.

गाडी दसऱ्याला येते. भरपूर वेळ आहे. उद्या सांगते.

मंगळवार, १६ सप्टेंबर
पितृपक्षात वाईट बातमी देऊ नये, असं आईचं मत असावं. विचारलं नाही. घटस्थापनेला सांगीन. तोपर्यंत मनाची तयारी करायची. बाबांच्या. माझी झालेली आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर
तयारी सुरू. बाबांना मुद्दाम विक्कीच्या ई-रिक्षातून बाजारात नेलं. मी रोज त्याच रिक्षाने मिलमध्ये जाते. म्हटलं, बघा बाबा, धूर नाही, खडखड नाही, किती शांत! विक्कीने आरशातून मागे पाहिलं. बाबांनी विक्कीकडे पाहिलं. मग विचारलं, कुठला रे तू? देवरीकडचा म्हणाला. घरी कोण कोण, रिक्षा सोताची का भाड्याची, दारू पितं का? बाबांनी बारीकसारीक चौकशी केली. इलेक्ट्रिक वाहनांत त्यांना इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

काम सोपं होत आहे.  

सोमवार, २२ सप्टेंबर
घट बसले. घरात अखंड दिवा असताना अशी गोष्ट बोलणं बरं नाही. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

पण तयारी पुढे गेली. मोबाइलवर नव्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. बाबा म्हणाले, आवाजच नाही, तं जिती हाय का मेली कसं समजन? मी म्हटलं, जुनं सोडावं लागतं बाबा. आधी जड जातं, मग सवय होते. बाबांनी मोबाइल परत दिला. खूप वेळ फडक्याने हात पुसत बसले. हात स्वच्छच होते.

नंतर आत आईशी कुजबुज. आई पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, शिकलेली पोट्टी हाय, आता आपलं का चालन? म्हणजे दोघांनाही कल्पना आली आहे. मी एक शब्दही कठोर बोलले नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर
आज जेवताना बाबांनीच विषय काढला. म्हणाले, पक्कं हाय का? मी म्हटलं, पक्कं आहे, आता बदलता येणार नाही. म्हणाले, कधी? म्हटलं, दसऱ्याला, मिलमध्ये. सेठले मालूम हाय? म्हटलं, त्यांनीच मला तुम्हाला सांगायला सांगितलं. बाबांनी हात धुतला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, मले तं बरंच वाटते. इतल्या दिवसाची भेत होती, बोलाचं तं होतं!

रडू आलं. सांगून झालं. गेटचा शब्द तेवढा राहिला, पण तो यातच आला.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
दुरुस्ती. २७ तारखेची नोंद चुकीची आहे.

सकाळी मिलमध्ये ट्रेलरवरून नवी गाडी उतरत होती. बाबा नव्या शर्टात, आई नव्या लुगड्यात. त्यांच्या मागे विक्की, त्याचे आईवडील आणि पेढ्यांचा डबा. सेठनी विचारलं, सुकराम, दिव्या ने बता दिया ना? बाबा म्हणाले, होजी, सांगतलं. पोरगा चांगला हाय.

कोणता पोरगा म्हणून सेठनी इकडेतिकडे पाहिलं. मग गाडीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. गेटसुद्धा.

तेवढ्यात प्रफुलने गाडी सुरू केली. कोणाला कळलंच नाही. ती गेटवरच्या स्पीडब्रेकरवर सरळ चढली आणि पोट खरवडलं. बाबा ओरडले, तिरकी घे ना बे, तिरकी! सेठ म्हणाले, बस, ऐसे ही गेट से बताते रहना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. पण त्यांनी लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, इंजिन गरम आहे का पाहतात तसा, आणि म्हणाले, जाऊ दे. गाडी गेली तं गेली, पोरीचं तं झालं. मग आख्ख्या मिलला पेढे वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

विक्की हळूच म्हणाला, मॅडम, तुमच्या मनातलं मी तं पयलेच समजून गेलतो.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, शुक्रवारी ठरलं, १० ऑक्टोबरला. मला विक्कीशी लग्न करायचं नाही, हे बाबांना स्पष्ट सांगायला हवं. आज ते गेटवर स्टूल लावायला गेले आहेत. आठवडाभर खरेदी. शुक्रवारी घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, चारचौघांत नको.

शनिवारी, ११ ऑक्टोबरला, सकाळी नक्की सांगणार.