बंदराची ओटी

शिरूर कासार,
९ फेब्रुवारी १९७३

श्री. उत्तरेश्वरराव यांस आसारामचा सप्रेम नमस्कार.

रुक्मिणी आणि बाळ, दोघी सुखरूप आहेत. मुलगी झाल्याच्या तारेला उत्तर म्हणून जावयाने बंदराचा फोटो धाडावा, असं कोणत्या शास्त्रात आहे ते मी शोधलं. सापडलं नाही.

फोटो मात्र देखणा. शंभर वर्षांपूर्वीच्या काचेच्या निगेटिव्हवरून मुंबईत तुम्ही स्वतः तो छापलात, हे मी शाळेत मुद्दाम सांगतो. सोसायटीचे चेअरमन आप्पाराव बघायला आले. डोलकाठ्या, कापसाच्या गाठी सोडून त्यांची नजर पाण्यावरच. एवढं पाणी पडून हाय तर तिथल्यांनी उपशाची सोसायटी कावून काढली न्हाई, म्हणाले. खारट असतं म्हटलं, तर मीठ कुणी घातलं त्याची चौकशी करा म्हणतात.

काल रुक्मिणीने विहीर पुजायची होती. बाळंतिणीला ते चुकत नाही, आणि यंदा गावातली एकही विहीर ओली नाही. टँकरला हळदकुंकू लावू, असं मी सुचवलं. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तुमचा फोटो उतरवून तिने पाटावर ठेवला.

"लई पाणी हाय ह्यात. हेच पुजू."

शेजारणी जमल्या, बंदराची ओटी भरली. आता तुमच्या समुद्राला कुंकू आहे. पुसायची मनाई आहे.

बाया गेल्यावर रुक्मिणी तिथेच बसून राहिली. एवढी गलबतं आणि धक्क्यावर माणूस एकही कसा नाही, असं तिने विचारलं. तुम्ही चिठ्ठीत लिहिलेलं मी सांगितलं, की तेव्हा काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, हलणारी माणसं उमटत नसत. हमाल होते, थांबले नाहीत, इतकंच.

ती म्हणाली, "आमचे हे बी तसेच."

पहिल्या बाळाचा विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलो होतो. ते तुमच्या हातांत गेलं, म्हणून हिला हात लावायला तुम्ही भिता, हे रुक्मिणीनेच मला सांगितलं. रागाने नाही. तीही भिते. न्हाऊ आई घालते. उत्तरेश्वरराव, भ्यायचंच असेल तर इथे येऊन दोघांनी मिळून भ्या. एकटीला जड जातं.

बारसं अडलंय. कोशातून मी भारदस्त नावं काढली होती, पण बाप आल्याशिवाय एकही ऐकणार नाही, असं रुक्मिणी म्हणते. तोवर मी या छोट्या बाईसाहेबांना 'अहो' म्हणतो.

नगरहून दुपारची एसटी आहे. मी रोज स्टँडवर असतो.

तुमच्या लेकीचा मामा,
आसाराम