पारावरची हजेरी

शके १७८६, कार्तिक वद्य पंचमी. सकाळी.

आजपासून रोजनिशी. सांगायचं मी, लिहायचं नातसून सुभद्रेनं. ती माहेरी बापाजवळ अक्षरं शिकली. मला येत नाहीत, पण अक्षरं येणाऱ्यांपेक्षा मला जास्त कळतं, हे आधी लिही म्हटलं. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. लिहू दे. वाचणार कोण? मला येत नाही आणि दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही.

निमित्त असं. आशाबाईचा भाऊ गोवर्धन अकोल्याच्या जेलातून सुटून आला. बहिणीकडंच उतरला, म्हणजे आमच्याच गल्लीत. मागं वेचणीच्या दिवसांत यानं माणिकबाईला शेताच्या वाटेवर अडवून तिच्या अब्रूवर हात टाकला होता. माणिकबाई म्हणजे माझ्या अंगणात रेचा चालवते ती, कापसातून सरकी काढते. नवरा पटकीत गेला, घरात एकटी. ती कचेरीत साहेबापुढं उभी राहिली आणि सगळं बोलली. अशी बाई अमरावतीत दुसरी नाही. तिच्या पाठीशी तेव्हा मीच होते. त्या दिवशी पोटात दुखत असल्यानं कचेरीत गेले नाही, पण मनानं तिथंच.

ठराव: माणिकबाईच्या केसाला धक्का लागू द्यायचा नाही. या गल्लीत तिला मान खाली घालून चालावं लागणार नाही. मी आहे.

त्याच दिवशी, दिवेलागणीला.

गल्लीची बैठक भरली. खुशालराव पाटील मधोमध. एक म्हणे त्याची गाढवावरून धिंड काढा. एक म्हणे चिखलदऱ्याच्या जंगलात सोडून या, पुढचं वाघ पाहील. आशाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, आईमागं मीच त्याची आई, मी कुठं टाकू त्याला? पाटील म्हणाले, सरकारनं सोडला, त्याला हाकलायचा हुकूम माझ्यापाशी नाही. तेवढ्यात कोणीतरी कापसाचा भाव काढला. सातासमुद्रापार गोरे आपसात लढून राहिले आणि इकडं आमच्या बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. मग काय, गोवर्धन राहिला बाजूला. शेवटपर्यंत भावच चालला.

पुरुषांच्या हातून काही व्हायचं नाही. मलाच पाहावं लागेल.

कार्तिक वद्य षष्ठी.

रात्रभर विचार केला. सुभद्रा म्हणते तुम्ही घोरत होता. मी घोरता घोरता विचार करते.

युक्ती सापडली. चोरटा सुटून आला की त्यानं सकाळ-संध्याकाळ चावडीवर पाटलापुढं हजेरी द्यायची, ही जुनी रीत. तीच याला लावायची. पण यंदा चावडी कापसाच्या बोजांनी छतापर्यंत भरलेली. पाटलालाच बसायला जागा नाही, तर हा कुठं बसणार? मी म्हटलं, विहिरीजवळच्या पारावर बसवा. बायका सकाळ-संध्याकाळ पाण्याला येतातच. एवढे डोळे दुसरीकडं कुठं मिळतील? पाटलानं लगेच मान डोलावली. त्यांना चावडी रिकामी करायची नव्हती, असं सुभद्रेचं म्हणणं. माझी अक्कल त्यांना पटली, असं माझं.

माणिकबाईला विचारलं नाही. ती कामात होती. तिला कशाला उगा त्रास.

समोरची खातूनबी, पिंजाऱ्याची बायको, चुन्याची डबी घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पार्वताबाई, वाघ कुठं आहे ते समजावं म्हणून तुमी त्याले पाणवठ्यावरच बांधून राहिल्या काय?"

खातूनबी स्वभावानं चांगली आहे, पण तिला दूरचं दिसत नाही.

कार्तिक वद्य अष्टमी.

पहिली हजेरी. जत्रा लोटली. ज्यांच्या घरी पाणी भरलेलं होतं त्याही बायका घागरी ओतून पुन्हा आल्या. भातकुलीकडून कापसाच्या गाड्या येत होत्या, गाडीवान खाली उतरून पाहायला थांबले. गोवर्धन खाली मान घालून बसला. वर पाहीलच कसा? मी समोर होते ना. माझ्या नजरेला जेलातले शिपाईसुद्धा टिकले नसते.

माणिकबाई घागर घेऊन आली. त्याला पाहिलं आणि अर्ध्या वाटेतून परत गेली. काहीतरी विसरली असेल.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी.

माणिकबाई रेच्यावर उशिरा येऊ लागली. बाकीच्या बायकांची अर्धी टोपली होते तेव्हा ही येते, कपाळावर घाम. विचारलं तर म्हणे, परकोटाबाहेरच्या विहिरीवर जाते. एवढ्या लांब? म्हणे, तिकडचं पाणी गोड आहे. मी समजावलं, बाई, भाव चढलेला आहे, घरोघर रेचे वाजून राहिले, असल्या दिवसांत पाण्याचे असे लाड बरे नाहीत. ऐकून घेतलं आणि रेच्यावर बसली. अलीकडं पोरीला जरा आळस चढला.

ठराव: तिला आईच्या मायेनं रोज बोलायचं.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. दुपारी.

हजेरी नसते तेव्हा काय? म्हणून दुपारचा पहारा माझ्याकडं घेतला. गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या ढिगावर मुसळ घेऊन बसले. उपास होता. कापूस मऊ. डोळे मिटून पाहिलं, पहारेकरी झोपला असं वाटलं तर हा काय करतो. बराच वेळ पाहिलं. उठले तर आशाबाईची गाय माझा कापूस खात होती आणि गोवर्धन तिला हाकलत होता.

म्हणजे परीक्षेत पास झाला. सुभद्रा लिहिताना हसते आहे. तेही लिही म्हटलं.

पौष शुद्ध तृतीया.

गोवर्धन पारावर बसल्या बसल्या म्हाताऱ्यांना पाणी ओढून देऊ लागला. आधी कोणी घेईना. मग एकीनं घेतलं. मग सगळ्यांनीच. मी घेतलं नव्हतं. आज गुडघे धरले म्हणून आणि त्याच्या अंगात जोर किती आहे ते कळावं म्हणून घागर दिली. जोर चांगला आहे. घागर दारापर्यंत आणून ठेवली.

कार्तिकात त्याला वाघाच्या तोंडी देणारे आता गोवर्धनभाऊ म्हणतात. ही किमया कोणाची? माझ्या नजरेची. माणूस हरघडी डोळ्यापुढं ठेवला की सरळ होतो. साहेबानं जेल बांधण्याऐवजी मला विचारायचं होतं.

सुभद्रेनं लिहिता लिहिता विचारलं, त्यानं माणिकबाईची माफी मागितली का? मी म्हटलं, पाणी ओढतो आहे ना.

संक्रांत.

आशाबाई तिळगूळ घेऊन आली. पाया पडली, म्हणाली तुमच्यामुळं माझा भाऊ माणसांत आला. डोळे भरून आले. तिचेही, माझेही. अशा घडीला मन मोठं करावं. माणिकबाई रेच्यावर बसली होती. तिला हाक मारली, आशाबाईच्या हातचा तिळगूळ घे म्हटलं, झालं गेलं विसर, गोड बोल.

तिनं लाडू घेतला. रेच्याच्या खुंटीजवळ ठेवला. हातातला कापूस पुरा केला आणि उठून घरी गेली. लाडवाला मुंग्या लागल्या.

ठराव: माणसाला लगेच गोड बोलता येत नाही, तिला आठ दिवस द्यायचे.

माघ शुद्ध दशमी. सकाळी.

आठाचे तीन आठवडे झाले, गोड बोलणं राहिलंच. माणिकबाई चालली. अकोल्याला जाणाऱ्या कापसाच्या गाडीवर तिची वळकटी, एक तवा, दोन लुगडी. मी धावत गेले. म्हटलं, बाई, मी असताना तुला कशाची भीती? तुझ्यासाठी एवढी हजेरी लावली, त्याला रोज डोळ्याखाली ठेवला.

ती गाडीवर बसली होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "माय, तुमी सारे रोज दोन खेपा त्याले पाहून राहिले. मी इतके दिवस विहिरीवर आली नाई, हे कोणाले दिसलं?"

गाडी हलली. खातूनबी दारात उभी होती. आज काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माघ शुद्ध द्वादशी.

हजेरी बंद करायला गेले. जी लावू शकते ती उठवूही शकते. पाटलाला सांगितलं, उद्यापासून याला पारावरून उठवा, चावडीत बसवा. पाटील म्हणाले, चावडीत अजून बोजे आहेत. बायकांना सांगितलं, तर त्या माझ्यावरच उलटल्या. बिचारा मान वर करत नाही, दोर ओढून त्याचे हात सोलले, आता तुम्हीच का म्हणून त्याच्या मागं लागल्या? एवढं मन कठोर करू नये म्हणाल्या. मलाच.

मी म्हटलं, माणिकबाईचं काय? एक म्हणाली, ती गेली ना, आता काय अडचण?

गोवर्धन तिथंच उभा होता. सवयीनं माझी घागर उचलायला आला. मी दिली नाही. स्वतः ओढली. अर्धी.

माघ वद्य प्रतिपदा.

ठराव: स्वतः अकोल्याला जायचं आणि माणिकबाईला घेऊन यायचं. माझा शब्द ती मोडणार नाही. काय बोलायचं ते सुभद्रेपुढं दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा मला रडू आलं, म्हणजे भाषण चांगलं आहे. गाडीत तिच्यासाठीही जागा ठेवली. रेचा पुसून घेतला.

फाल्गुन शुद्ध द्वितीया.

काल अकोल्याहून आले. आज सांगते.

माणिकबाई तिथं एका व्यापाऱ्याच्या आवारात आहे. लांब छपरी, रेच्यांची ओळ, पंचवीस तरी बायका. मी दारात पोचले तेव्हा ती हसत होती. शेजारणीनं काही सांगितलं असेल. तिला हसताना मी केव्हा पाहिलं होतं, ते आठवेना.

शेजारीच विहीर होती. तिथूनच पाणी पीत असतील सगळ्या.

मला पाहून तिचं हसू गेलं. उठली नाही. शेजारीण मोकळ्या तोंडाची, तिनं मला विचारलं, कुठून आल्या, हिच्या कोण तुम्ही? मग आपणच सांगू लागली की ही बाई आर्वीकडची, हिला मागंपुढं कोणी नाही, अमरावती तर हिनं पाहिलीही नाही.

भाषण तोंडाशी आलं होतं. मी कोण, मी हिच्यासाठी काय काय केलं, सगळं ओळीनं पाठ होतं. माणिकबाईनं फक्त माझ्याकडं पाहिलं. रेचा थांबवला नव्हता, पण कापूस संपून तो नुसताच फिरत होता.

मी म्हटलं, "मी कोणी नाई, बाई. सरकी घ्याले आली."

माणिकबाईनंच मापून दिली. पोत्याचं तोंड स्वतः शिवलं, टाके बारीक घातले, आणि गाडीवर चढवायला हात लावला. गाडीतल्या मोकळ्या जागेत पोतं बरोबर बसलं.

सुभद्रेनं पोतं पाहिलं, मग अंगणाकडं पाहिलं. आमच्या अंगणात सरकीचा ढीग भिंतीला लागलेला आहे, पाय ठेवायला जागा नाही. अमरावतीहून अकोल्याला जाऊन सरकी विकत आणणारी बाई साऱ्या वऱ्हाडात मी एकटीच असेन.