बायकांसाठी वीस नवी कार्डं

सोमवार, १९ फेब्रुवारी

आणि वर तोंड करून मला सांगतो की माझे शब्द शिळे झाले! अकरा वर्षं आमच्या किट्वे शहरातल्या किचन पार्ट्यांत, लग्नाआधी बायका जमून संसाराची भांडी देतात तिथे, नवऱ्या मुलीला पातेल्यांबरोबर माझंच कार्ड गेलं. आणि हा सिकोने, ज्याचं छपाईचं दुकान माझ्या ओळींवर उभं राहिलं, तो म्हणतो, पोरी कार्ड उचलतात, वाचतात, एकमेकींना कोपर मारतात आणि परत ठेवतात. मी म्हटलं, कुठलं कार्ड? म्हणे, सगळीच. ‘सहन कर बाई, घर तुझ्याच मानेवर उभं आहे’, हेसुद्धा? म्हणे, त्यालाच तर सगळ्यात जास्त हसतात.

एक मार्चपर्यंत बायकांसाठी वीस नवी कार्डं पाहिजेत, नाहीतर त्याची भाची लिहील. भाची कॉलेजात आहे. माझी शाळा चौथीत सुटली, पण मला बायका कळतात. भाचीला काय कळतं? फोन.

निश्चय: रोज एका बाईला गाठायचं. तुला काय ऐकायला आवडेल, विचारायचं. रोज दोन कार्डं. दहा दिवसांत वीस. त्यात काय एवढं.

मंगळवार, २०

चिसोकोने बाजार. सुकी मासळी विकणाऱ्या चिलुफ्याच्या आईला विचारलं. तिने माश्या हाकलल्या, विचार केला आणि म्हणाली, लिही, ‘बाई, जरा बस.’ मी म्हटलं, पुढे? म्हणाली, पुढे काही नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एवढंसुद्धा कुणी म्हणालं नाही. आणि आता तू हो बाजूला, गिऱ्हाईक अडलंय.

ह्याला कार्ड म्हणायचं? फूल नाही, देव नाही, यमक नाही.

कार्डं: शून्य. सुरुवात अशीच असते.

गुरुवार, २२

काल पाऊस. कुठे जाणार.

आज हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड. सिस्टर म्वापे आमच्या चर्चमधली, म्हणून आत सोडलं. म्हणाली, मावशी, एक कार्ड कर, पन्नास मी स्वतः घेते. लिही, ‘तू पाय घसरून पडली नव्हतीस, मला माहीत आहे.’ मी म्हटलं, अगं, शुभेच्छांचं कार्ड आहे, पोलीस चौकीचं नाही. म्वापे हसली नाही. तीन नंबरच्या खाटेवरची बाई हसली, पण तोंड दुखलं म्हणून थांबली.

फिनाईलच्या वासात काही सुचत नाही. उद्यापासून वातावरण बदलायचं.

शुक्रवार, २३. सकाळी ७

काटोंगो आली, माझी लेक. चिंगोलाहून, सासरहून, पहिल्या गाडीने, बॅग घेऊन. डावा डोळा बंद, उजवा हात छातीशी धरलेला. न्हाणीघरात घसरून पडले म्हणाली. मी विचारलं, फरशी ओली होती का? म्हणाली, हो आई, खूप. मग झालं तर. फरश्या ओल्या असतात.

मक्याच्या पिठाची शिमा वाढली, वर रताळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात. तिला आवडतो. तीन घास खाल्ले, एकाच बाजूने चावत.

एका परीने बरंच झालं, विचारायला घरातच बाई मिळाली. म्हटलं, काटोंगो, तुला कार्डावर काय वाचायला आवडेल? म्हणाली, आई, मी झोपू का?

कार्डं: शून्य.

रविवार, २५

ताई आली. माझी थोरली बहीण. लग्नाआधी मुलींना संसार शिकवते ती. काटोंगोलाही तिनेच शिकवलं, पंधरा दिवस खोलीत बसवून. बॅगेकडे बघूनच म्हणाली, तीन रात्री पुष्कळ झाल्या, चौथ्या दिवशी आईने स्वतः कोंबडी घेऊन पोचवून यायचं. जास्त राहिली तर बॅग कायमची राहते. काटोंगो म्हणाली, मावशी, तूच जाऊन राहा ना तिथे, बघू किती रात्री टिकतेस. मी म्हटलं, मोठ्यांशी असं बोलतात? ताई म्हणाली, तूच डोक्यावर बसवलीस.

काटोंगो भांडी घासत बसली, डाव्या हाताने.

आईला सगळ्या बाजू बघाव्या लागतात. जावयाला, ब्राइटनला, कायमची नोकरी आहे. खाणीवर आता किती जणांना आहे?

सोमवार, २६

पोचवली. गाडीत कोंबडी माझ्या मांडीवर, काटोंगो खिडकीशी. ती सगळा रस्ता बाहेर बघत होती. मी तिला समजावलं की डोळ्याची सूज उतरते.

जावई काही झालं तरी वळणाचा. सासूच्या जवळ यायचं नसतं म्हणून लांब अंगणातच उभा राहिला, मान खाली घालून टाळ्या वाजवल्या, मान दिला. मी माफी मागितली की लेकीने न सांगता घर सोडलं, ओल्या फरशीचंही बोलले. म्हणाला, आई, काळजी करू नका, ती फरशी मी बघून घेईन. बघा! म्हणजे काळजी आहे त्याला. मी आत गेले नाही, जावयाच्या घरात सासू जात नाही. कोंबडी काटोंगोच्या हातात दिली आणि निघाले. ती दारात उभी होती. हात नाही हलवला. हातात कोंबडी होती म्हणून.

परतीच्या गाडीत सुचलं! एका दमात नऊ कार्डं. पहिलं: ‘परतलीस तू, लेकी, आणि चुलीला आला जीव.’ वाचून माझेच डोळे भरले. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का?

म्हटलं, नाही हो. प्रेरणा.

गुरुवार, २९

वीस पूर्ण! सगळी परतलेल्या लेकींवर. असं कुणी केलेलं नाही. सिकोनेची भाची बसेल फोन चोळत.

काटोंगोचा फोन लागत नाही. चार्जिंग नसेल. वीज नसतेच हल्ली.

शुक्रवार, १ मार्च

सिकोनेने उभ्या उभ्या वाचली. पाचव्या कार्डावर थांबला. म्हणाला, बाई, ह्यात तुम्ही परतलीस परतलीस म्हणता, ती गेली का होती, ते कुठेच नाही. मी म्हटलं, शुभेच्छांत कारणं लिहीत नाहीत. त्याने गठ्ठा सरळ केला, माझ्या हातात दिला.

काम भाचीला. तिचं पहिलं कार्ड दाखवलं. वर निळ्या कापडाचा तुकडा चिकटवलेला, आत कोरं. मी म्हटलं, शब्द कुठायत? म्हणे, ज्याचे त्याने लिहायचे. कोरा कागद विकतात! आणि माझ्यादेखत दोन पोरींनी तीन तीन घेतली.

एवढा पाणउतारा कधी झाला नव्हता. ह्याहून वाईट आता काय होणार?

मंगळवार, ५ मार्च

चिंगोलाहून शेजारणीचा फोन. काटोंगो तिथल्या हॉस्पिटलात आहे, शनिवारपासून. मला आज कळवतात!

गेले. हात दोन जागी मोडलाय, बरगड्या तीन. शेजारीण म्हणाली, कोंबडीत मीठ कमी पडलं होतं. एवढंच? म्हणाली, एवढंच.

काटोंगो भिंतीकडे तोंड करून होती. मी म्हटलं, ती फरशी एकदा खडबडीत करून घ्यायला पाहिजे गं. ती वळली. वळायला वेळ लागला. म्हणाली, आई, आमच्या न्हाणीघराला फरशी नाही. गवताचा आडोसा आहे नुसता. खाली वाळू आहे.

बुधवार, ६ मार्च. दुपारी ४

आज काटोंगो जास्त बोलली. सोल्वेझीला तिची मैत्रीण आहे, ती न्यायला तयार आहे. पण तिला तिकडे जायचं नाही. तिला माझ्याकडे यायचंय. एकच विचारायचंय म्हणाली. चौथ्या दिवशी मला परत पोचवशील का?

मी म्हटलं, असं काय विचारतेस? म्हणाली, विचारतेय, सांग. मी म्हटलं, ताईशी बोलावं लागेल, चर्चमधल्या बायका आहेत, ब्राइटनच्या घरचे येतील, एवढं सोपं नसतं. म्हणाली, मावशीला विचारत नाहीये. तुला विचारतेय.

मी म्हटलं, नीट शब्दांत सांगते, लिहून आणते हवं तर.

म्हणाली, लिहू नकोस. हो किंवा नाही. शनिवारी सकाळी दहाला सोडणार आहेत मला. त्याच्या आत सांग.